सुतक, वार्ता आणि पर्णशरदाह : ऐतिहासिक कादंबरीकारांसाठीं एक टिपण

ऐतिहासिक कादंबरीकार लढायांच्या व तहांच्या तिथि कसोशीनें पाहतात. परंतु कथेंतील घरांत मृत्यु आला म्हणजे आजच्या वहिवाटीवर विसंबतात. पेशवाईंतील ब्राह्मण विधवेस पांढरें वस्त्र नेसविणें हा त्यांतलाच प्रकार. केशवपन केलेल्या विधवेचें वस्त्र तांबडें आलवण असे.

याहून नाजूक प्रश्न काळाचा आहे. परमुलखीं मृत्यु झाला असतां घरचें सुतक वार्ता येईल तेव्हां सुरू होतें. दहा दिवसांचे आंत ती कळल्यास उरलेले दिवसच पाळावयाचे. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कळल्यास सामान्य सपिंडांस त्रिरात्र. पण मातापितर किंवा पति यांची वार्ता केव्हांही आली तरी पूर्ण दहा दिवस. काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’चा हा निर्णय. ग्रंथ १७९० च्या सुमाराचा असला तरी त्यांतील मतें जुन्या निबंधांचीं आहेत. म्हणजे १४ जानेवारी १७६१ नंतर महाराष्ट्रांतील एकाच वाड्यांत मुलगा दहा दिवस सुतकांत व चुलता तीनच, असें घडणें शक्य होतें. कादंबरीकारास यापरतें साहित्य तें कोणतें हवें?

आणि प्रेतच न ओळखलें तर? विश्वासरावांचा देह सांपडला. त्यांच्या मृत्यूविषयीं संशय उरला नाहीं. सदाशिवरावभाऊंविषयीं मात्र तो उरला. पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. तेथून निसटून त्या परत आल्या, परंतु वैधव्य त्यांनीं पत्करिलें नाहीं. नाहींशा झालेल्या मनुष्याची सामान्यतः बारा वर्षें वाट पाहून, पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृति करून तिचें दहन करावें, असा शास्त्रार्थ आहे. यासच पर्णशरदाह म्हणतात. ती मुदत १७७३ त भरली. माधवरावांच्या अमदानींत कैद झालेला भाऊंचा तोतया १७७६ त सुटला, त्यानें कोंकणांत बंड माजविलें, व त्याच वर्षाचे डिसेंबरांत पुण्यास त्याचा देहान्त करण्यांत आला. न. चिं. केळकरांनीं त्यावर नाटक रचिलें आहे. तोतयास इतकें बळ कां आलें, याचें एक कारण राजकारणाइतकेंच घरांतही शोधावें, असें आम्हांस वाटतें. पंधरा वर्षें लोटलीं तरी भाऊंची पत्नी कुंकू लावीतच होती.