बावीस पटींची दुरुस्ती

कणाच्या जागी प्रतिकण ठेवून डावे-उजवे पालटले तरी निसर्गनियम बदलत नाहीत, ही सी-पी सममिती केऑनच्या क्षयात मोडते, असे १९६४ मध्ये ब्रुकहेवन येथे क्रोनिन व फिच यांच्या गटाला आढळले, आणि १९७३ मध्ये कोबायाशी व मास्कावा यांनी त्याचे कारण सुचवले. प्रत्यक्ष क्षयक्रियेतला भंग 'एप्सिलॉन-प्राइम' या राशीने मोजतात. तिच्या गणितातील उच्च कोटीच्या दुरुस्त्यांचे कूळ मात्र सी-पीशी वरकरणी संबंध नसलेल्या एका कोड्यात आहे.

केऑनपासून निघालेल्या दोन पायॉनांचे एकूण आइसोस्पिन, म्हणजे अप व डाऊन क्वार्कांना एकाच कणाची दोन रूपे मानणारी क्वांटम-संख्या, शून्य असेल तर क्षयाचा आयाम (ज्याच्या वर्गावरून क्षयाची शक्यता मिळते) आइसोस्पिन दोन असतानाच्या सुमारे २२ पट भरतो. या कोड्यासाठी वाइनश्टाइन, झाखारोव व शिफमन यांनी १९७५ मध्ये ग्लुऑनची एक-वलयी आकृती मांडली. तिलाच पुढे 'पेंग्विन' हे नाव पडले, आणि १९७९ मध्ये गिलमन व वाइज यांनी तिच्या आधारे एप्सिलॉन-प्राइमचा अंदाज केला.

एप्सिलॉन-प्राइम दोन गुणोत्तरांच्या वजाबाकीतून येतो. प्रत्येकाच्या अंशस्थानी आयामाचा सी-पी मोडणारा भाग आणि छेदस्थानी त्याच आयामाचा उरलेला, मुख्य भाग असतो. आइसोस्पिन दोनचा छेद २२ पट लहान असल्याने तिथली क्षुल्लक भर २२ पट फुगते. ग्लुऑनऐवजी फोटॉन वा झेड कण असलेली पेंग्विन विद्युतचुंबकीय १/१३७ या मापाची, म्हणून उपेक्षणीय मानली जात असे. फ्लिन व रँडल यांनी १९८९ मध्ये दाखवले की टॉप क्वार्क जड असेल तर ती ग्लुऑनच्या पेंग्विनला बरेचसे खोडून काढते. याचे श्रेय टॉपच्या वस्तुमानाला देण्याची रीत आहे, आणि झेडचा वाटा त्या वस्तुमानाबरोबर झपाट्याने वाढतो हे खरेच आहे. परंतु अप व डाऊन क्वार्कांच्या वस्तुमानांतील अल्प फरकाने होणारी दुरुस्ती, जिचा टॉपशी काडीचाही संबंध नाही, तीही त्याच २२ ने गुणली जाते, तेव्हा मूळ कारण आइसोस्पिनच्या कोड्यातच मानणे प्राप्त आहे.

म्युनिक व रोम येथील गटांनी १९९०च्या दशकारंभी पुढच्या कोटीचे गणित पूर्ण केले. केटेव्ह व एनए४८ या प्रयोगांनी एप्सिलॉन-प्राइम व एप्सिलॉन (केऑन-प्रतिकेऑन मिश्रणातल्या भंगाचे माप) यांचे गुणोत्तर शून्य नसल्याचे ठरवले. आज त्याची सरासरी १६.६ × १०⁻⁴ आहे. अवकाश-काळाचे जाळे कल्पून संगणकावर केलेल्या जालक-गणनेने पुढे दाखवले की त्या २२ पटींमागे पेंग्विन फारशी नसून, आइसोस्पिन दोनच्या आयामातील दोन मोठ्या पदांनी एकमेकांना खोडणे हे मोठे कारण आहे. ज्या कोड्यासाठी आकृती जन्मली ते तिने सोडवले नाही, सी-पीचे गणित मात्र तिच्यावाचून होत नाही. २०२० मधील जालक-अंदाज २१.७ × १०⁻⁴ आला. त्यात आइसोस्पिनचा भंग धरलेला नव्हता, आणि केवळ त्यापोटी ५.० × १०⁻⁴ एवढी अनिश्चितता वेगळी जोडावी लागली.