व्हरांड्यातील उपचार (इंग्लंड)

आपत्कालीन विभागात तपासणी झालेल्या, पण वॉर्डात खाट न मिळालेल्या रुग्णाला स्ट्रेचरवर किंवा खुर्चीत, येण्याजाण्याच्या वाटेवरच ठेवून उपचार करणे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत पूर्वी हिवाळ्यापुरती असलेली ही अडचण आता बारमाही झाली आहे. अशा जागी ऑक्सिजनची नळी, मदतीची घंटा, आडोसा यांपैकी काहीच हाताशी नसते. वृद्धाला लघवीचे भांडेही चारचौघांत द्यावे लागते. ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ने जानेवारी २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक परिचारिकांचे अनुभव प्रसिद्ध केले. ते वाचताना मन सुन्न होते.

आलेल्या रुग्णाला चार तासांत दाखल करावे, अन्यत्र हलवावे किंवा घरी पाठवावे, हे उद्दिष्ट २००० च्या आराखड्यातून आले. २०१० मध्ये त्याचे प्रमाण ९८ वरून ९५ टक्क्यांवर आणले गेले. जुलै २०१५ नंतर देशपातळीवर तेही गाठता आलेले नाही. प्रतीक्षेची किंमत जिवाने मोजावी लागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दाखल होण्यासाठी सहा ते आठ तासांहून अधिक खोळंबलेल्या दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू होतो.

किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांना गर्दीचा दोष देणे सोपे, पण चुकीचे आहे. त्यांना खाट लागतच नाही. मोरी तुंबली की पाणी घरात साचते, तसे येथे होते. बरे झालेले हजारो रुग्ण घरच्या मदतनिसाची किंवा शुश्रूषागृहातील जागेची वाट पाहत वॉर्डातच अडकतात. ती सोय स्थानिक परिषदांकडे आहे, रुग्णालयांकडे नाही. त्यातच १९८७ पासून खाटांची संख्या निम्म्याहून खाली आली.

त्याच दिवशी उपचार करून घरी सोडणारे कक्ष, घरी ठेवून देखरेख करणारे ‘व्हर्च्युअल वॉर्ड’ आणि सकाळीच डिस्चार्ज हे उपाय रूढ होत आहेत. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक रुग्णालयाने खोळंबलेल्या रुग्णांना निरनिराळ्या वॉर्डांत वाटून दिले, त्यामुळे भार सर्वांवर विभागला गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये चार तासांचा नियम आणला, तेव्हा संपूर्ण रुग्णालयाला जबाबदार धरले. पर्थच्या तीन मोठ्या रुग्णालयांत गर्दी आणि मृत्यू दोन्ही घटले. एकट्या आपत्कालीन विभागावर उद्दिष्ट लादून हा प्रश्न सुटत नाही. वॉर्डातून घरी जाण्याची वाट आधी मोकळी करावी लागते.