वृषणातील पेशींचा जन्मोत्तर विकास

वृषणातील पेशींचा जन्मोत्तर विकास ही जन्मापासून यौवनारंभापर्यंत चालणारी प्रक्रिया असून तिच्या अखेरीस शुक्राणूंची निर्मिती सुरू होते. वृषणात मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी असतात : शुक्रजनक नलिकांमधील जननपेशी, त्यांना आधार व पोषण देणाऱ्या सर्टोली पेशी आणि नलिकांच्या दरम्यान असणाऱ्या, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणाऱ्या लायडिख पेशी. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ लायडिख यांनी १८५० मध्ये, तर इटालियन शास्त्रज्ञ एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींचे वर्णन केले.

शैशवावस्था

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पोष ग्रंथीच्या प्रभावामुळे लायडिख पेशी सक्रिय होतात व रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण तात्पुरते वाढते. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत ते पुन्हा घटते. याच सुमारास आद्य जननपेशी नलिकेच्या तळाशी स्थिरावतात आणि त्यांचे शुक्राणूंच्या मूलपेशींत रूपांतर होऊ लागते. सर्टोली पेशी विभाजित होत राहतात; मात्र त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचे ग्राही अत्यल्प असल्याने या वयात शुक्राणू तयार होत नाहीत.

यौवनारंभ

यौवनारंभी लायडिख पेशींची प्रौढ पिढी विकसित होते. वाढत्या टेस्टोस्टेरॉनमुळे सर्टोली पेशी परिपक्व होतात, त्यांचे विभाजन थांबते आणि परस्परांतील घट्ट जोडांमुळे रक्त-वृषण अवरोध निर्माण होतो. त्यानंतर जननपेशींचे अर्धसूत्री विभाजन पूर्णत्वास जाते. एका शुक्राणूच्या निर्मितीस मानवात सुमारे ७४ दिवस लागतात. प्रत्येक सर्टोली पेशी ठरावीक संख्येच्याच जननपेशींना आधार देऊ शकते. त्यामुळे बालपणी तयार झालेली सर्टोली पेशींची संख्या प्रौढपणीच्या शुक्राणुनिर्मितीची मर्यादा ठरवते.

वैद्यकीय महत्त्व

काही बालकांच्या जन्मावेळी वृषण उदरात किंवा जांघेत राहिलेले असते. तेथील तापमान वृषणकोशापेक्षा अधिक असल्याने जननपेशींच्या रूपांतरात अडथळा येतो. असे वृषण बहुधा पहिल्या सहा महिन्यांत आपोआप खाली उतरते. तसे न झाल्यास साधारणतः वयाच्या ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. विलंब झाल्यास पुढे वंध्यत्वाचा व वृषणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या विकारात वेदना नसल्यामुळे तो दुर्लक्षित राहू शकतो; म्हणून नवजात बालकाची तपासणी महत्त्वाची ठरते.