दीड कोटीच्या आकड्याचा मागोवा

वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर रुग्णाच्या आकड्याशेजारी तुलनेसाठी एक आकडा छापलेला असतो. मिलिलिटरला दीड कोटी शुक्राणू, किंवा नव्या छपाईत १ कोटी ६० लाख. त्या रेघेच्या खाली असलेला नवरा दवाखान्यातून खचून बाहेर पडतो, आणि वर असलेला सुटलो म्हणतो. दोघांनीही या आकड्याची वंशावळ एकदा पाहायला हवी.

मूल न होण्यात पुरुषाचाही वाटा असतो, हे आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दुसरा अध्यायच शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या शुद्धीवर आहे. दूषित शुक्र कसं दिसतं, त्याला वास कसा येतो, हे तिथे सांगितलंय. पण ते ज्ञान पोथीत राहिलं आणि घरात सवत आली. उपासतापास, नवससायास बाईच्याच वाट्याला गेले.

शुक्राणू डोळ्यांना दिसला तो १६७७ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. योहान हाम नावाचा विद्यार्थी परमा झालेल्या रोग्याचं वीर्य घेऊन लेव्हेनहूककडे आला. लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी, भिंगं स्वतः घासून बनवणारा. रोग्याच्या नमुन्यावर न थांबता त्याने स्वतःचं वीर्य पाहिलं. पत्नीशी संग झाल्यावर नाडीचे सहा ठोके पडायच्या आत ते भिंगाखाली होतं, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर पत्र खुशाल दाबून टाका, असंही लिहिलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आजही कितीतरी पुरुषांना त्या छोट्या डबीत नमुना द्यायची लाज वाटते.

दिसले, पण ते करतात काय? प्रेव्हो आणि द्यूमा यांनी १८२४ साली बेडकाचं वीर्य गाळून दाखवलं की शुक्राणू काढलेल्या द्रवाने अंडी फळत नाहीत. तरीही पुरुषाला तपासायला कुणी फारसं धजावलं नाही. अमेरिकेतला मॅरियन सिम्स, ज्याने गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून नाव कमावलं, त्याने १८६६ च्या पुस्तकात संबंधानंतर काही वेळाने बाईच्या गर्भाशयमुखातला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा आग्रह धरला. पुढे ती चाचणी मॅक्स ह्यूनरच्या नावाने रूढ झाली. म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू पाहायचे तरी टेबलावर झोपायचं बायकोने!

मोजणी आली ती रक्तपेशींच्या मोजणीतून. काचेच्या पट्टीवर चौकटी कोरलेल्या असतात, वर पातळ काच ठेवली की मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पोकळी उरते. नमुना आधी पातळ होऊ द्यायचा, ठरल्या प्रमाणात द्रावण घालायचं आणि चौकटीतले शुक्राणू एकेक मोजायचे. मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी १९२९ साली मर्यादा सांगितली, सहा कोटी. १९५१ मध्ये मॅक्लिओड आणि रूथ गोल्ड यांनी मुलं असलेले हजार आणि मूल नसलेले हजार पुरुष तपासले, आणि रेघ दोन कोटींवर आली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पुस्तिका १९८० ची. तिच्या २०१० च्या आवृत्तीने दीड कोटी ठरवले, २०२१ च्या आवृत्तीने १ कोटी ६० लाख.

हा आजचा आकडा निघाला कसा, ते नीट समजून घ्या. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशाच पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेखालचे ते पाच टक्केही बाप झालेलेच होते. रेघेच्या वर असूनही मूल न होणारे पुष्कळ आहेत. शुक्राणूंची हालचाल आणि घडण हे वेगळंच पाहावं लागतं.

उपचारही आले. एडिंबरात टुलक यांनी १९५२ मध्ये नोंदवलं, की वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या एका माणसाच्या वृषणाच्या फुगलेल्या शिरांवर शस्त्रक्रिया केली आणि त्याला मूल झालं. मुंबईत केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या चमूच्या हाती टेस्ट ट्यूब बाळ आलं. १९९२ मध्ये ब्रसेल्सहून एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडायची युक्ती आली, तीच इक्सी. तिने असंख्य घरांत पाळणा हलला. पण माझ्या मते तिचं एक वाईटही झालं. एक शुक्राणू पुरतो म्हटल्यावर नवऱ्याच्या शिरा, संप्रेरकं, लहानपणीचा गालगुंडाचा आजार, जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं यांची चौकशीच मागे पडते. दोष त्याचा असला तरी रोजची इंजेक्शनं तिच्या पोटात.

म्हणून विनंती आहे. बायकोची दुर्बीण घालून तपासणी ठरवण्याआधी नवऱ्याचा नमुना द्या. ती तपासणी स्वस्त आहे आणि दुखत नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून द्या, घरून नेत असाल तर तासाच्या आत पोचवा. आकडा कमी आला तर एका कागदावर विश्वास टाकू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मधल्या तापाचा किंवा आजारपणाचा परिणामही त्यात उतरतो. तपासणी पुन्हा करा, आणि डॉक्टरांना म्हणा, आधी मला तपासा.