दुनहुआंगहून अजिंठ्याकडे : चित्रकार झांग दाछियान

बौद्ध चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण अजिंठ्यापासून निघतो व मध्य आशियामार्गे चीनला पोहोचतो. विसाव्या शतकातील एका चिनी चित्रकाराने हा मार्ग उलट दिशेने शोधला. ते म्हणजे झांग दाछियान (१८९९–१९८३).

सिच्वान प्रांतात जन्मलेल्या झांग यांनी जपानमधील क्योतो येथे कापड विणण्याचे व रंगविण्याचे शिक्षण घेतले. स्वदेशी परतल्यावर ते काही महिने बौद्ध विहारात राहिले. 'दाछियान' हे नाव तेथलेच. अंगुत्तरनिकायातील 'तिसहस्सी महासहस्सी लोकधातु' या कल्पनेशी त्याचे नाते आहे. चीवर सुटले, नाव आयुष्यभर राहिले.

१९४१ ते १९४३ या काळात दुनहुआंगच्या लेण्यांत राहून त्यांनी तिबेटी चित्रकारांच्या साहाय्याने २७६ प्रतिकृती केल्या. १९४४ मधील प्रदर्शनांनी हा ठेवा चिनी समाजापुढे आला. मात्र खालची प्राचीन चित्रे पाहण्यासाठी त्यांनी वरचे थर काढले, असा आरोपही झाला. त्यांच्या समर्थकांना तो मान्य नाही. आमच्या मते प्रश्न गंभीर आहे : वरचा थरही कोणा अनाम उपासकांच्या श्रद्धेचाच होता.

१९४९ च्या सत्तांतरानंतर त्यांनी चीनची मुख्य भूमी सोडली. १९५० मध्ये ते भारतात आले व अजिंठ्यास जाऊन तेथील भित्तिचित्रांचा त्यांनी अभ्यास केला. दुनहुआंगची कला भारतीय कलेची केवळ छाया आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. ती चिनी भूमीतच घडलेली स्वतंत्र कला होय, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

पुढे अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका व अखेरीस तैवान येथे त्यांचे वास्तव्य झाले. ब्राझीलमध्येही त्यांनी चिनी पद्धतीचे उद्यान उभारले. दृष्टी अधू झाल्यावर ते शाई व रंग ओतून निसर्गचित्रे करू लागले. पाश्चात्त्य समीक्षकांना त्यांत अमूर्त कला दिसली. स्वतः झांग तांगकालीन परंपरेचा दाखला देत.

त्यांच्या निष्कर्षाने अजिंठ्याचे मोल उणे होते, असे आम्हांस वाटत नाही. आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची अनुमती तथागतांनी दिली, असा चुल्लवग्गातील प्रसंगाचा अर्थ अनेक आधुनिक अभ्यासक लावतात. रेषा आणि रंग हीदेखील भाषाच आहे. धम्म चीनमध्ये गेला, तो तेथील लोकांची लेखणी व कुंचला हिरावून घेण्यासाठी नव्हे. दुनहुआंग अजिंठ्याहून वेगळे दिसते, यातच त्या धम्मप्रसाराचे यश आहे.