पोरगं घडवायचं की विकायचं? श्रीरामपूर तालुक्यातल्या दोन गोष्टी

एसटीत खिडकीची जागा मिळाली असेल आणि कानात इअरफोन असतील, तर मस्त सावरून बसा. आजचा भाग मोबाईलवरच्या एका गेमपासून सुरू होतो आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या उसाच्या फडात संपतो. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं. चालवून घ्या.

तर गेम आहे बास्केटबॉल मॅनेजरचा. या प्रकारात तुम्ही स्वतः बॉल टाकत नाही. तुम्ही क्लब चालवता. तिकिटाचे पैसे, खेळाडूंचे पगार, सराव, खरेदी-विक्री सगळं तुमच्याकडे. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘हॅट्रिक’ नावाचा फुटबॉलचा असा ऑनलाइन गेम सुरू झाला. तीच कल्पना बास्केटबॉलमध्ये आली आणि २००७ मध्ये ‘बझरबीटर’ सुरू झाला. दिसायला अगदी साधा. नुसते तक्ते आणि आकडे. पण एकदा नाद लागला की सुटत नाही.

का सुटत नाही? कारण त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. नव्या भरतीत तुम्हाला १८ वर्षांचा एक पोरगा मिळतो. उंच आहे, शिकतोय पटापट. आज विकला तर बरे पैसे येतील. ठेवला, घडवला, तर चार हंगामांनी तोच संघ ओढून नेईल. आता काय करायचं?

घडवणं फुकट नसतं, हे या गेममध्ये फार छान कळतं. आठवड्याला सरावाचा एकच विषय निवडायचा. पोराला त्याचा पूर्ण फायदा हवा असेल, तर ४८ मिनिटं त्याला मैदानावर ठेवावं लागतं. म्हणजे अनुभवी खेळाडू बाकावर आणि कच्चा पोरगा कोर्टवर! सामने हरायची तयारी ठेवायची. शिवाय पोरगा सुधारला की पुढच्या हंगामात त्याचा पगारही वाढतो. वय वाढलं की शिकण्याचा वेग मंदावतो. आणि प्रत्येकाच्या क्षमतेवर आधीच एक शिक्का असतो. सगळ्यात वरचा शिक्का ‘सर्वकालीन महान’, सगळ्यात खालचा ‘निवेदक’. म्हणजे याने खेळू नये, माईक हातात घ्यावा!

आता गेम खिशात ठेवा आणि श्रीरामपूरला चला.

७ ऑक्टोबर १९७८. झहीर खानचा जन्म इथलाच. १७ व्या वर्षी अभियांत्रिकीचा नाद सोडून पोरगा वेगवान गोलंदाज व्हायला मुंबईला गेला. तिथे नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताखाली घेतलं. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याची गोलंदाजी आणखी पक्की झाली.

म्हणजे घडवण्यात मुंबईचा वाटा मोठा. पण रणजीत पहिली संधी कोणी दिली? बडोद्याने! १९९९-२००० च्या हंगामात झहीर बडोद्याकडून उतरला. पुढच्याच हंगामात, २०००-०१ मध्ये, बडोद्याने रणजी करंडक जिंकला. तोवर झहीर भारताकडून खेळायलाही लागला होता.

गेमच्या भाषेत बोलायचं तर मुंबईने सराव दिला, पण मिनिटं दिली नाहीत. ४८ मिनिटं दिली बडोद्याने. मुंबईचा दोष होता का? तसं म्हणता येत नाही. मुंबईच्या संघात जागेसाठी कायमच रांग असते. ज्याच्याकडे भरपूर आहे, त्याला कच्च्या पोरावर हंगाम लावायची गरज वाटत नाही. ज्याला गरज असते, तो जुगार खेळतो.

गंमत पुढे आहे. २००६-०७ मध्ये झहीर मुंबईकडून रणजीचा अंतिम सामना खेळला. समोर बंगाल. झहीरने सामन्यात ९ बळी घेतले आणि मुंबईने करंडक उचलला. जो पोरगा हातातून गेला होता, तो तयार होऊन परत आला. २०११ चा विश्वचषक तर तुम्हाला पाठच असेल, २१ बळी.

दुसरी गोष्ट याच तालुक्यातली, टाकळीभानची. आणि ही तुमच्या-माझ्या काळातली.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावच्या मातीतला खेळ लिलावात आला. लिलाव आला की तोच जुना प्रश्नही आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई आठवतो? २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. पोराने हंगाम गाजवला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. ज्यांनी त्याला मॅटवर उतरवलं, ते बघत राहिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गेममध्ये तुम्ही खेळाडू विकला की पैसे तुमच्या क्लबच्या खात्यात येतात. कबड्डीच्या लिलावात तसं होत नाही. बोलीची रक्कम हे खेळाडूचं मानधन असतं. ते त्याला मिळतं आणि मिळायलाच हवं, घाम त्याचा आहे. पण जुन्या संघाला त्यातून काही येत नाही. मग संघाने पोरं घडवायची तरी कशाला?

पुणेरी पलटणने या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. त्यांनी ‘युवा पलटण’ उभी केली. पोरं लहानपणीच निवडायची, सोबत ठेवायची, घडवायची. त्यातूनच टाकळीभानचा अस्लम इनामदार पुढे आला. २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पलटणकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठमोठी नावं होती. तरी चढायांचा भार हळूहळू अस्लम आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांच्या खांद्यावर आला. परत तेच बघा, ४८ मिनिटं!

२०२२ मध्ये पलटण अंतिम फेरीत पोहोचली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. तरी पोरं बदलली नाहीत. मग २०२३ चा ऑक्टोबर आला. ७ तारखेला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ ने हरवून सुवर्ण मिळवलं. भारताच्या संघात अस्लम होता, इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलू. आणि दोनच दिवसांनी मुंबईत सुरू झालेल्या लिलावात पलटणने याच शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. परवाचे प्रतिस्पर्धी आता एकाच जर्सीत, आणि कर्णधार कोण? अस्लम.

१ मार्च २०२४, हैदराबाद. पुणेरी पलटण २८, हरयाणा स्टीलर्स २५. पलटणचं पहिलं विजेतेपद.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती अर्धी राहील. पुढच्या लिलावात शादलू हरयाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. अस्लमला हंगामात गुडघ्याची दुखापत झाली. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ ला, पुण्यातच बालेवाडीत, हरयाणाने करंडक उचलला! त्या रात्री कोणीही म्हटलं असतं, घडवण्याच्या भानगडीत पडू नका, तयार माल घ्या. पण पलटणने अस्लमला सोडलं नाही. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. दिल्लीकडून २८-३१ असा हरला, पण गेला.

मग योग्य काय? ठेवायचं की सोडायचं? मला विचाराल तर हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे. घडवणाऱ्याला काय मिळतं?

झहीरला पहिला चेंडू श्रीरामपूरच्या मैदानाने दिला. अस्लमला पहिली चढाई टाकळीभानने शिकवली. बोली कोटीची लागो की लाखाची, त्या मैदानावर चुना मारणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. फुटबॉलने यावर २००१ मध्ये नियम केला. खेळाडू करार चालू असताना विकला गेला, तर रकमेचा ५ टक्के भाग १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. अगदी ‘हॅट्रिक’ गेममध्येसुद्धा खेळाडू पुढे विकला गेला की त्याच्या मूळ क्लबला थोडा वाटा मिळतो. कॉम्प्युटरवरच्या खोट्या पैशाला कळतं ते आपल्या खऱ्या पैशाला अजून कळलेलं नाही.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? जिथे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यामागचा विचार एवढाच होता की ऊस लावणारा नुसता ऊस विकून मोकळा होणार नाही, तो कारखान्याचा भागीदार असेल. आपल्या आजोबांना उसाच्या बाबतीत जे सुचलं, ते आपल्याला पोरांच्या बाबतीत का सुचू नये?

लीगने बोलीच्या वर एक छोटा टक्का बाजूला काढावा. खेळाडूच्या मानधनाला हात न लावता तो त्याच्या पहिल्या मंडळाला द्यावा. त्यातून एक मॅट येईल, रात्रीच्या सरावाला दोन दिवे येतील. पुढचा पोरगा त्याच उजेडात चढाई शिकेल.

तोवर तुमच्या गेममधल्या त्या १८ वर्षांच्या पोराला विकायचं बटण दाबण्याआधी एकदा थांबा. त्याला ४८ मिनिटं दिलीत का, तेवढं बघा. आणि तुमच्या गावात संध्याकाळी पोरं जमवून खेळ शिकवणारं कोणी असेल, तर आज जाता जाता त्यांना रामराम घाला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!