गल्लीतली प्लास्टिकची वेष्टणं एकत्र कशी गोळा करायची?

दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, शॅम्पूची बाटली, कुरियरचा खोका. यातलं काय भंगारवाला घेतो आणि काय नाही, हे एव्हाना तुम्हाला माहीत असेल. पुठ्ठा आणि बाटल्या तो आनंदाने नेतो, चिप्सच्या पाकिटांना हात लावत नाही.

असं का?

चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. दुसरी अडचण वजनाची. पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली साधारण २० ते २५ ग्रॅमची, म्हणजे किलोभर व्हायला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. पाकिटं तर काहीशे लागतील. एका घराला हे जमणार नाही, तीस घरांच्या गल्लीला जमतं.

कोपरगावात हा विषय थेट नदीशी जोडलेला आहे. नाल्यात पडलेली पिशवी मोठ्या पावसात गोदावरीत जाते आणि पुणतांब्यावरून पुढे नाथसागराकडे वाहते. छत्रपती संभाजीनगर त्याच धरणाचं पाणी पितं. पिशव्या जाळणं हा तर आणखी वाईट उपाय, आणि उघड्यावर कचरा जाळायला नियमानेही मनाई आहे.

आधी कुणी केलंय का?

पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. तिचे सदस्य घरोघरी कचरा घेतात आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांचेच असतात. पुणे मोठं शहर, असं म्हणाल तर सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला बघा. त्या छोट्या नगरपरिषदेने कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून घेतला आणि निरुपयोगी प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं.

सुरुवात कुठून?

गोण्यांपासून नाही, घेणाऱ्यापासून. माल कोण उचलणार हे न ठरवता गोळा करायला लागलात, तर महिन्याभरात कुणाच्या तरी ओट्यावर उंदीर होतील. आधी भंगारवाल्याशी बोला. मग नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात जाऊन विचारा, की पाकिटं वेगळी दिली तर घंटागाडी ती वेगळीच नेईल का? चांगल्या व्यवस्थेत अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

त्यानंतर पंधरा दिवसांतला एक वार ठरवा. पुठ्ठा-कागद, बाटल्या-डबे, दुधाच्या पिशव्या आणि चकचकीत पाकिटं अशा चार गोण्या पुरेत. दहा प्रकार सांगितलेत तर लोक पहिल्याच वेळी कंटाळतात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नका, तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही. पिशवी विसळून दोरीवर वाळवा. वास मारणारी एक पिशवी अख्ख्या गोणीचा भाव पाडते. पावसाळ्यात पुठ्ठा छपराखालीच ठेवा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर या गोण्यांत कधीच नकोत, ते कागदात गुंडाळून, वर खूण करून घंटागाडीत वेगळे द्या. गोण्या उघडणारे हात कुणाचे तरी असतात.

पैशांचं काय?

तीस घरांच्या मालाचे फार पैसे होत नाहीत, आणि नेमक्या त्यावरूनच भांडणं होतात. रक्कम, वजन आणि तारीख गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच दिवशी टाका. तुमच्या भागात कचरा वेचणारी बाई येत असेल, तर विक्रीचा माल तिलाच द्या. तिची रोजची कमाई तुमच्या गोणीत आहे.